पोच कुठे आहे, असे तुम्ही दोनदा विचारले होते

अंबादासराव, आधी नोंद करतो.

सोमवार, दुपार. पूर्व भागातल्या आपल्या वाचनालयाच्या संगणकावरून, एका धर्मादाय रुग्णालयाच्या शस्त्रक्रियेच्या यादीत तुमचे नाव घालण्यासाठी अर्ज भरला. बटण दाबले. रुग्णालयाच्या वेबसाइटच्या त्या पानावर कोणताही संदेश आला नाही.

त्यानंतरचे चार आठवडे. तुम्ही फोनची वाट पाहिली.

गुरुवार. तुमच्या मुलीने, पद्माने, स्वतःच रुग्णालयाला फोन लावला. असे नाव यादीत नाही, असा अर्ज आलेलाच नाही, असे उत्तर मिळाले.

त्याच आठवड्यातला शनिवार, सकाळ. तुम्ही गेलात.

आता जबाबदार व्यक्ती. पहिली व्यक्ती म्हणजे ज्याने ते पान लिहिले तो. त्याचे नाव मला अद्याप मिळालेले नाही. दुसरे, रुग्णालयाचे विश्वस्त, ज्यांनी ते पान तपासून न पाहता आजारी माणसांपुढे ठेवले. तिसरा मी, ज्याने बटण दाबले.

तिसरे नाव ऐकून तुम्ही चष्मा कपाळावर सरकवला असता आणि म्हणाला असता, "बेलिफसाहेब, फिर्यादी पण तुमी, आरोपी पण तुमी. मग आमी काय करायचं, नुसतं बाकावर बसायचं?" बसा. या वेळी खरेच बसा आणि मला मधेच थांबवू नका.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो, कारण दिवाणी न्यायालयात बेलिफ म्हणून आयुष्य घालवलेल्या माणसाने पुराव्यापलीकडे बोलू नये. त्या पानामुळे तुमचा मृत्यू झाला असे मी म्हणत नाही. अर्ज पोहोचला असता तरी तुमची पाळी वेळेत आली असती का, आणि आली असती तर हृदयाने साथ दिली असती का, हे डॉक्टरही सांगत नाहीत. मी एवढेच म्हणतो की, जो फोन कधीच येणार नव्हता त्याची वाट पाहण्यात तुमचे शेवटचे चार आठवडे गेले. एवढे सिद्ध होते. आणि एवढे पुरेसे आहे.

तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. या अठरा दिवसांत मला राग आला, आणि रागाबरोबर एक कुतूहलही आले, जे जायला तयार नाही. पान गप्प का बसले? आपण दोघे सहा महिने जो एकच विषय शिकलो, तो हाच होता ना? पानाने माणसाशी बोलायचे कसे?

पहिला दिवस आठवतो. वाचनालयात ज्येष्ठांसाठी संगणकाचा वर्ग म्हणून आपण दोघे आलो होतो. मला वाटले होते पत्रे टंकायला शिकवतील. तुम्हाला काय वाटले होते ते तुम्ही कधी सांगितले नाही. शबाना मॅडमनी पहिल्याच तासाला संगणकाच्या भाषेतली एक ओळ लिहायला लावली आणि पडद्याच्या मध्यभागी चौकट उगवली. आत 'नमस्कार' आणि खाली ओके. ओके दाबल्याशिवाय पानावरचे दुसरे काहीही हलेना. मी खुर्चीतून उठलोच. हे तर समन्स. माणसाच्या हातात द्यायचे, त्याची सही घ्यायची, तोवर दारातून हलायचे नाही. मी मॅडमना विचारले, याला काय म्हणतात. अलर्ट, त्या म्हणाल्या. मी वहीत लिहून घेतले: अलर्ट, म्हणजे प्रत्यक्ष बजावणी.

तुम्ही मात्र नाक मुरडले. "दारात पाय घालून उभं राहिल्यासारखं वाटतंय की. चांगल्या माणसाच्या घरात असं कोण शिरतं?"

"ज्याच्याकडे सांगण्यासारखे आहे तो शिरतो," मी म्हणालो.

"आमच्या चादरीवर नाव असायचं विणलेलं. गिऱ्हाईक चादर उलगडतं, वाचतं. चादर त्याची बाही धरून ओढत नाय."

आपला वाद त्या दिवशी सुरू झाला आणि तो निकाली निघाला नाही. तुम्ही जकार्ड मागाच्या पट्ट्यांना भोके पाडण्यात चाळीस वर्षे काढली होती. पुठ्ठ्याच्या पट्टीतल्या भोकावरून मागाला कळते की कोणता धागा उचलायचा, हे मला तुमच्याकडून कळले आणि मी चकित झालो. संगणक शिकायला आलेल्या आपल्या दोघांपैकी एकाने आयुष्यभर यंत्राला संदेश दिले होते आणि दुसऱ्याने माणसांना. म्हणून तुम्हाला ती भाषा माझ्या आधी कळली. आणि म्हणूनच तुमच्या हातून ती चूक झाली, जी वर्गात दुसऱ्या कोणाच्या हातून झाली नसती.

मॅडमनी सांगितले, एक संदेश दाखवा. तुम्ही 'चहा झाला का' असे लिहिले आणि जकार्डाच्या सवयीने ती ओळ फिरत्या पट्टीत, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या आज्ञेत, घातली, कारण तुमच्या मते नक्षी एकदाच काढून थांबणे म्हणजे काम अर्धवट. चौकट आली. ओके दाबले. पुन्हा चौकट आली. 'चहा झाला का.' मी शेजारून प्रत्येक वेळी ओके दाबून पोच देत होतो आणि तुम्ही तुमच्या घरच्या तेलुगूत मोजत होता. शेवटी मॅडमनी येऊन संगणकच बंद केला. "काका, इत्ता विचारायचं नक्को. एक बार विचारा, मग चहा आणा." तुम्ही शांतपणे म्हणालात, "बघा, म्हणून म्हणतो, अलर्ट वाईट."

पुढच्या आठवड्यात उलटे झाले. तुम्ही वाचनालयाच्या वेळा, सुट्ट्या, पुस्तके परत करण्याचे नियम असे एक सुंदर पान बांधले होते. त्यावर एका बटणाने फक्त 'आज सुट्टी आहे' एवढे वाक्य लिहायचे होते. तुम्ही बटण दाबले आणि अख्खे पान पुसले जाऊन पांढऱ्या पडद्यावर तेवढे एकच वाक्य उरले. पूर्ण उघडलेल्या पानावर त्या पद्धतीने लिहिले की आधीचे सगळे जाते, हे मॅडमनी नंतर समजावले, आणि पानात एक रिकामी जागा ठेवून तिच्यातच वाक्य भरायची रीत दाखवली. त्या वेळी तुम्ही एवढेच म्हणालात, "चादर गेली, नाव उरलं."

हे वाक्य मला गेले अठरा दिवस रोज आठवते.

पुढची पद्धत शिकवली तेव्हा मी वर्गात भांडलो, हे तुम्हाला आठवत असेल. मॅडमनी कळफलकावरची एक कळ दाबून पानाच्या पोटातली एक खिडकी उघडली. तिला कन्सोल म्हणतात. पान लिहिणाऱ्याने तिथे काहीही लिहिले तरी पान पाहणाऱ्याला ते दिसत नाही. मी विचारले, मग कोणासाठी? मॅडम म्हणाल्या, "कारागिरासाठी, काका. पान बिघडलं तर वाकून बघायला." तुम्ही लगेच मान डोलावली; मागाखाली वाकून पाहणे तुमच्या अंगवळणी होते. मला ते पटेना. मी म्हणालो, हा न्यायालयाचा रोजनामा झाला. पक्षकाराला न सांगता रोजनाम्यात नोंद केली तर ती त्याला बजावली असे होत नाही. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "बरोबर. म्हणून लोकांना सांगायचं ते इथं लिहायचं नाही. आणि काका, मेसेज आला नाही म्हणजे काम झालं, असं पण समजायचं नाही."

हे त्यांनी सांगितले होते. माझ्या वहीत आहे. माझ्याच अक्षरात आहे.

त्या संध्याकाळी घरी जाताना मी तुम्हाला एक गोष्ट सांगितली, जी मी नोकरीत असताना कोणालाही सांगितली नव्हती. अक्कलकोटकडच्या एका गावात मी एका बाईवर समन्स बजावले होते. तिला कानडीशिवाय काही येत नव्हते, समन्स मराठीत होते. मी अंगठा घेतला, दोन पंचांच्या सह्या घेतल्या, निघालो. तारखेला ती आली नाही. निकाल एकतर्फी लागला. माझा अहवाल निर्दोष होता, साहेबांनी कौतुक केले. तुम्ही सगळे ऐकून घेतलेत आणि एकच प्रश्न विचारलात.

"पण तिला कळलं का?"

मी म्हणालो, बजावणी झाली होती.

"ते झालं हो. कळलं का?"

मी उत्तर दिले नाही. आपण कोपऱ्यावर वेगळे झालो. अंबादासराव, उत्तर नाही असे होते. हे मी तुम्हाला दुसऱ्या दिवशीही सांगू शकलो असतो, आणि त्यानंतरच्या कुठल्याही दिवशी.

आता तो सोमवार. तुमच्या छातीत दुखणे सुरू होऊन महिना झाला होता. डॉक्टरांनी तपासणीचे अहवाल देऊन त्या रुग्णालयाचे पान सुचवले. पद्मा चिंचोळीच्या टॉवेल कारखान्यात कामावर होती, म्हणून तुम्ही माझ्याकडे आलात, आणि आपण वाचनालयात बसलो. मी प्रत्येक रकाना वाचून दाखवला, तुम्ही सांगितलेत, मी भरले. अहवालांची फाईल जोडली. बटण दाबले. बटण क्षणभर फिकट झाले, पुन्हा गडद झाले. पान जसे होते तसेच राहिले.

तुम्ही विचारलेत, "झालं?"

"झाले."

"पोच कुटं हाय?"

मी म्हणालो, काही हरकत आली नाही, म्हणजे घेतले.

तुम्ही पडद्याकडे वाकून पाहिलेत. "नाय, पण पोच कुटं हाय?"

आणि मी, ज्याने सहा महिने सहीशिवाय बजावणी नाही असा हट्ट धरला होता, मी म्हणालो, "मी साक्षीदार आहे ना. चला."

यामागे काय होते, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारले. तुम्हाला दम लागला होता आणि मला तुम्हाला लवकर घरी पोहोचवायचे होते, हे एक कारण. दुसरे अधिक खोल आहे. समन्स घेण्यास कोणी नकार दिला तर बेलिफ ते दारावर डकवतो, पंचांची सही घेतो, आणि बजावणी झाली असे कायदा मानतो. मानतो. माझी नोकरी या एका क्रियापदावर उभी होती. बंद दारासमोर उभे राहून 'झाले' म्हणण्याची मला सवय होती. इथे समन्स देणारे तुम्ही होता आणि दार रुग्णालयाचे होते, पण मी तसाच वळलो. पानावर खाली लिहिले होते की नोंदणीनंतर आम्ही फोन करू. म्हणून पुढचे चार आठवडे तुम्ही फोन उशाशी ठेवलात, आणि मी तुम्हाला सांगत राहिलो की मोठी रुग्णालये, वेळ लागतो.

तुमचे दिवसकार्य झाल्यानंतर पद्माने मला वाचनालयाची पुस्तके परत करायला दिली आणि तुमची पेन ड्राइव्हही दिली, ज्यात तुमचे सराव होते आणि तुमचे अहवालही. मी वाचनालयात जाऊन तेच पान उघडले. मृत व्यक्तीच्या नावे अर्ज करणे गैर, म्हणून रकान्यांत माझे नाव घातले. फाईल मात्र तुमचीच जोडली. बटण दाबले. फिकट, गडद, शांत. मग मॅडमनी शिकवलेली ती कळ दाबली.

तांबड्या अक्षरांत, इंग्रजीत, एक ओळ होती. तिचा अर्थ असा: फाईल ठरलेल्या मापापेक्षा मोठी आहे, अर्ज पाठवलेला नाही.

मी ती ओळ मॅडमना दाखवली. त्या खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "काका, कुणीतरी स्वतःसाठी लिहिलं असंल. तपासायला. मग तसंच राहिलं असंल." मी विचारले, एवढीच ओळ पानावर आणायला किती काम? त्यांनी बोट दाखवले. दुसऱ्या सरावात आपण केले होते तेवढे. रकान्याखाली एक रिकामी जागा ठेवायची आणि तिच्यात वाक्य भरायचे. तुम्ही ते दुपारच्या चहाच्या आधी केले होते.

अंबादासराव, मला त्या माणसाबद्दल खरेच जाणून घ्यायचे आहे. त्याला कारण माहीत होते. त्याने ते शब्दांत लिहिले, व्यवस्थित, स्वच्छ. पान मुके नव्हते. ते बोलले, फक्त आपल्याकडे पाठ करून बोलले. लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे कोण होते? पद्मा मला म्हणाली, "काका, आमच्याकडं टॉवेलाचा माग हाय ना, धागा तुटला की थांबतो. ओरडत नाय की काय नाय. थांबतो. मग माणूस येतोय बघायला. बाबांना तेच ठाव होतं. थांबलं नाय म्हंजे चाललंय." तुम्ही पोच मागितलीत, मी नाही म्हणालो, आणि मग तुम्ही मागावर विसंबलात. काही थांबले नाही, म्हणून चालले आहे असे समजलात. आपण दोघांनी आपापल्या धंद्याची सवय त्या पानावर नेली, आणि दोन्ही सवयी तिथे खोट्या पडल्या.

माझा अलर्टचा हट्टही त्या दिवशी थोडा सैल झाला. माग ओरडत नाही आणि लपवतही नाही. ही तिसरी रीत आपल्या वादात तुम्ही का मांडली नाहीत, याचे मला नवल वाटत होते. मग मी पेन ड्राइव्हमधली शेवटची फाईल उघडली.

वाचनालयाच्या पानाचीच ती नवी प्रत होती. तुम्ही ती त्या चार आठवड्यांत केली असावी. पद्मा म्हणते, बसवेल तेवढा वेळ तुम्ही तिच्या जुन्या लॅपटॉपवर काहीतरी टंकत होता. पुस्तकाचे नाव न लिहिता मी बटण दाबले. चौकट आली नाही. पान पुसले गेले नाही. रिकाम्या रकान्याखाली मराठीत एक ओळ उमटली: 'पुस्तकाचे नाव राहिले आहे. त्याशिवाय पुढे जाता येत नाही.' आणि तिच्याखाली एक छोटे बटण. त्यावर ओके लिहिलेले नव्हते. 'कळलं' असे लिहिले होते. ते दाबल्याशिवाय पान पुढे जात नव्हते.

मी पानाची आतली बाजू उघडून पाहिली. त्या बटणाच्या ओळीच्या वर, जिथे लिहिणारा स्वतःसाठी टीप ठेवतो, तिथे तुम्ही लिहिले होते: 'बेलिफसाहेबांची पोच.'

म्हणजे वाद तुम्ही मिटवला होता. अर्धी बाजू माझी घेतली होती, अर्धी तुमची ठेवली होती, आणि मधे त्या अक्कलकोटकडच्या बाईसाठी एक शब्द घातला होता. मला सांगायचे तेवढे राहिले. मी ते दाबले, अंबादासराव. तीन वेळा दाबले. ती बाई, तुमचा प्रश्न, तो सोमवार, तिन्हींची पोच आज देतो. त्या बाईला कळले नव्हते. तुम्हाला पोच हवी होती आणि मी ती मागायला नकार दिला. जबाबदार क्रमांक तीन याचा जाहीर जबाब इथे पूर्ण होतो.

उरले एक आणि दोन. त्या रुग्णालयाला मी रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवले आहे. पोचपावती आली आहे, उत्तर आलेले नाही. ते खासगीत उत्तर देऊ पाहतील, तर मी स्वीकारणार नाही, कारण ज्यांची फाईल मोठी होती ते सगळे लोक माझ्या ओळखीचे नाहीत, आणि त्यांच्यापैकी काही आजही उशाशी फोन ठेवून बसलेले असतील. म्हणून ज्याने ते पान लिहिले त्याने, आणि ज्यांनी ते लोकांपुढे ठेवले त्यांनी, त्याच पानावर, त्याच बटणाखाली, रोग्याला वाचता येईल अशा भाषेत आणि सर्वांना दिसेल अशा अक्षरांत उत्तर द्यावे: आमचा अर्ज पोहोचला नाही, हे तुम्हाला माहीत होते, मग ते तुम्ही आम्हाला का सांगितले नाही?